मर्लिन एंजिनाचे सिलिंडर-शीर्ष : दाबभरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१

दाबभरित एंजिनाचा इतिहास बहुधा सुपरचार्जरचाच इतिहास म्हणून सांगितला जातो. ते स्वाभाविकही आहे. मिनिटाला पंचवीस हजारांहून अधिक फेरे घेणारे पंखाचक्र, त्याला फिरविणारी दातेरी चाकांची मालिका आणि विरळ हवेतही एंजिनाची शक्ती टिकवून धरण्याचे त्याचे सामर्थ्य या गोष्टी वाचकाच्या मनावर चटकन ठसतात. ज्या ओतीव धातूच्या भागातून ती दाबलेली हवा सिलिंडरात शिरते आणि जळून बाहेर पडते, तो भाग म्हणजे सिलिंडर-शीर्ष. कारखान्यातील कारागीर त्याला नुसते 'हेड' म्हणतात. इतिहासलेखनात मात्र त्याचा उल्लेख ओझरताच होतो. या उपेक्षेच्या मुळाशी एक समज आहे. हवा स्वतःच्या ओढीने आत येत असेल तर तिचा मार्ग सुबक असावा लागतो. पण ती बळाने ढकलली जात असेल तर मार्ग कसाही असला तरी निभावते, असा तो समज होय.

रोल्स-रॉइस मर्लिन या विमान-एंजिनाच्या १९३३ ते १९४४ या कालखंडातील घडणीच्या आधारे हा समज तपासून पाहता येतो. या एंजिनाच्या शीर्षाची निवड एकदा चुकली, ती बदलावी लागली, आणि त्या बदलासाठी जो वेळ खर्ची पडला तो युद्धाच्या उंबरठ्यावरचा होता. शीर्ष कसे निवडावे आणि त्यातील मार्ग कसे घडवावेत, या प्रश्नाचे दोन्ही पैलू या एका उदाहरणात स्पष्ट दिसतात.

प्रथम शीर्षाची कामे कोणती, हे ध्यानात घेतले पाहिजे. पहिले काम वायूंच्या वाहतुकीचे. प्रवेशमार्गातून हवा व इंधन यांचे मिश्रण आत येते आणि निकासमार्गातून जळलेला वायू बाहेर जातो. दोहोंच्या तोंडाशी झडपा असतात. दुसरे काम ज्वलनाचे. दट्ट्याच्या वर जी पोकळी राहते तिचा आकार शीर्षावर अवलंबून असतो, आणि ज्वाला किती वेगाने व किती समप्रमाणात पसरेल हे त्या आकारावर अवलंबून असते. तिसरे काम टिकून राहण्याचे. ज्वलनाचा दाब व उष्णता सोसून शीर्षाने आपला आकार आणि सांधे कायम राखले पाहिजेत. साध्या एंजिनात या तीन कामांचा मेळ घालणे तितकेसे अवघड नसते. दाबभरण सुरू झाले की तिन्ही कामे एकदम वाढतात व परस्परांच्या आड येऊ लागतात.

२

मर्लिनच्या शीर्षाची वंशपरंपरा समजून घेतल्याशिवाय पुढील घटनांचा अर्थ लागत नाही. अमेरिकेतील कर्टिस डी-१२ या एंजिनाने १९२० नंतरच्या दशकात सलग ओतीव ठोकळ्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. त्यापूर्वीच्या पाण्याने थंड होणाऱ्या अनेक विमान-एंजिनांत प्रत्येक सिलिंडर सुटा घडविलेला असे. हे अमेरिकन एंजिन बसविलेले फेअरी फॉक्स विमान ब्रिटनमध्ये तत्कालीन लढाऊ विमानांहून वेगवान ठरले, तेव्हा ब्रिटिश हवाई खात्याने रोल्स-रॉइसला त्याच्या तोडीचे एंजिन करावयास सांगितले. त्यातून केस्ट्रेल निर्माण झाले. केस्ट्रेलमध्ये सहा सिलिंडरांच्या एका रांगेचे शीर्ष व तिच्याभोवतीचे शीतक द्रवाचे आवरण ही ॲल्युमिनियमच्या एकाच ओतकामात होती. दर सिलिंडराला चार झडपा होत्या. त्या सर्व सिलिंडराच्या अक्षाला समांतर असून ज्वलनकक्षाचे छत सपाट होते.

याच परंपरेतील आर एंजिनाने १९२९ व १९३१ च्या श्नायडर शर्यती जिंकल्या. १९३१ मध्ये या एंजिनाने सुमारे २३०० अश्वशक्ती दिली आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी सुपरमरीन एस.६बी या विमानाने ताशी ४०७ मैलांवर वेगाचा विक्रम केला. मात्र त्या एंजिनाचे आयुष्य तासांत मोजावयाचे होते. त्यात वापरलेली एक युक्ती पुढे स्थायी ठरली. ती म्हणजे सोडियम भरलेली निकास-झडप. झडपेच्या पोकळ दांड्यात थोडे सोडियम भरले की ते सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळते, झडपेच्या हालचालीबरोबर वरखाली हिंदकळते आणि तापलेल्या डोक्याकडील उष्णता दांड्याच्या थंड भागाकडे वाहून नेते. या कल्पनेचे श्रेय मुख्यतः सॅम हेरन यांना दिले जाते. पहिल्या महायुद्धाच्या काळात फार्नबरो येथे प्रा. गिब्सन यांच्यासह त्यांनी हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांचा अभ्यास केला होता, आणि पुढे अमेरिकेत जाऊन झडपांवरील संशोधन चालविले. दाबभरित एंजिनाची मर्यादा पुष्कळदा निकास-झडपेच्या तपमानाने ठरते, हे या घटनाक्रमावरून स्पष्ट होते.

३

सर हेन्री रॉइस २२ एप्रिल १९३३ रोजी निवर्तले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला पीव्ही-१२ हे एंजिन प्रथम चालविण्यात आले. बारा सिलिंडर, ५.४ इंच व्यास, ६ इंच धाव, सुमारे २७ लिटर घनफळ अशी त्याची मापे होती. कंपनीने ते सरकारी पैशावाचून, स्वतःच्या खर्चाने हाती घेतले होते. तेच पुढे मर्लिन झाले.

दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे मर्लिन 'बी' या नमुन्यापासून, शीर्षात मोठा बदल करण्यात आला. सपाट छताऐवजी उतरते छत आले आणि प्रवेश-झडपा सिलिंडराच्या अक्षाशी ४५ अंशांचा कोन करून बसविल्या गेल्या. या रचनेला 'रॅम्प' शीर्ष, म्हणजे उताराचे शीर्ष, असे नाव पडले. त्यामागील विचार चुकीचा नव्हता. कक्षातील मिश्रणात खळबळ निर्माण झाली की ज्वाला वेगाने पसरते, हे हॅरी रिकार्डो यांच्या संशोधनाने प्रस्थापित केले होते. उतरत्या छतामुळे ही खळबळ वाढेल, ज्वलन वेगवान होईल आणि शक्ती वाढेल अशी अपेक्षा होती. फेब्रुवारी १९३५ मध्ये मर्लिन 'बी'ने प्रकार-चाचणी पार केली व ११,००० फूट उंचीवरील ९५० अश्वशक्तीची नोंद केली. कागदावरचे आकडे समाधानकारक होते.

खरी कसोटी दीर्घ चाचणीत लागली. मर्लिन 'ई'ने डिसेंबर १९३५ मध्ये पन्नास तासांची मुलकी चाचणी पार केली. पण मार्च १९३६ मध्ये शंभर तासांच्या लष्करी चाचणीत ते अपयशी ठरले. उताराच्या शीर्षात ज्वलन समप्रमाणात होईना. स्थानिक नॉकिंग, म्हणजे ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेल्या मिश्रणाने एकदम पेट घेणे, होऊ लागले. निकास-झडपा खराब होऊ लागल्या आणि शीर्षांना तडे जाऊ लागले. वेळ मात्र थांबणारी नव्हती. ब्रिटनने हवाई दलाचा विस्तार हाती घेतला होता. स्पिटफायरचा पहिला नमुना मार्च १९३६ मध्ये उडाला होता आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये हरिकेन विमानांची मोठी मागणी नोंदविण्यात आली होती. दोन्ही विमाने मर्लिनसाठीच आखलेली होती.

या पेचातून जो मार्ग काढण्यात आला तो उल्लेखनीय आहे. उताराचे शीर्ष असलेले एंजिन मर्लिन १ या नावाने मर्यादित संख्येत स्वीकारण्यात आले. ती १७२ एंजिने काय ती तयार झाली, आणि ती फेअरी बॅटल या हलक्या बाँबफेकी विमानासाठी उपयोगात आणली गेली. लढाऊ विमाने थांबविण्यात आली. दरम्यान मर्लिन 'जी'साठी केस्ट्रेलचेच जुने सपाट शीर्ष मोठ्या मापात उतरविण्यात आले. या एंजिनाच्या चाचण्या १९३७ च्या उन्हाळ्यात होऊन सप्टेंबरात ते स्वीकृत झाले, आणि तेच मर्लिन २ होय. एंजिन बदलल्यामुळे हरिकेनच्या नाकाडाच्या आवरणातही बदल करावे लागले. पहिले उत्पादित हरिकेन ऑक्टोबर १९३७ मध्ये उडाले. नॉर्थोल्ट येथील १११ व्या तुकडीला ही विमाने डिसेंबरात मिळू लागली. डक्सफर्डच्या १९ व्या तुकडीकडे स्पिटफायर पोहोचण्यास ऑगस्ट १९३८ उजाडला. १९४० च्या उन्हाळ्यातील हवाई युद्धापूर्वी हाती असलेल्या काळातून जे महिने शीर्षाच्या निवडीत गेले, त्यांचे मूल्य वेगळे सांगावयास नको.

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. उताराच्या शीर्षाचा त्याग म्हणजे प्रयोगशीलतेचा पराभव व परंपरेचा विजय, असे या घटनेचे सोपे वर्णन करता येईल. पण सपाट शीर्ष केवळ जुने होते म्हणून निवडले गेले नाही. त्याचे छत सममित असल्याने उष्णता समप्रमाणात वाटली जात होती. त्याचे ओतकाम साधे होते. चारही झडपा समांतर असल्याने एका रांगेला एकच कॅम-दांडा पुरत होता. आणि त्याच्या वर्तणुकीचा कारखान्याला कित्येक वर्षांचा अनुभव होता. ज्वलनाच्या वेगात काही उणे पडले असेल तर ते भरून काढण्यास सुपरचार्जर होताच. तडा भरून काढण्याचे साधन मात्र कोणापाशी नव्हते.

४

आता मूळ समजाकडे वळू. दाबाने हवा ढकलली जात असता मार्गाच्या अडथळ्याचे महत्त्व उरत नाही, हे खरे काय?

एखाद्या एंजिनात प्रवेशमार्ग व झडप यांच्या अडथळ्यामुळे शंभर भागांपैकी पंधरा भाग हवा आत येत नाही, असे धरू. आता प्रवेशनलिकेतील निरपेक्ष दाब दुप्पट केला आणि तपमान तेच ठेवले. हवेची घनता दुप्पट होईल. दट्ट्याचा वेग तोच असल्याने मार्गातील हवेचा वेगही जवळजवळ तोच राहील. परिणामी आत शिरणारी हवा दुप्पट होईल हे खरे. पण अडथळ्यामुळे होणाऱ्या तुटीचे प्रमाणही शेकडा पंधराच्या आसपासच राहील. दाबाने तूट नाहीशी होत नाही. ती दुप्पट हवेवर लागू होते, एवढेच. ही तूट आणखी दाब देऊन भरून काढावयाची तर निरपेक्ष दाब सुमारे शेकडा अठराने वाढवावा लागतो. त्यासाठी लागणारे काम एंजिनाच्या भुजादंडातूनच घ्यावे लागते, आणि दाबामुळे हवा तापते ते वेगळेच. तापलेली हवा विरळ होते व नॉकिंगला आमंत्रण देते. म्हणजे प्रवाहातील उणीव दाबाने विकत घेता येते, परंतु किंमत दोनदा मोजावी लागते.

हा मुद्दा दृष्टीआड होण्यास परिभाषाही काही अंशी कारणीभूत आहे. ब्रिटिश वैमानिकाच्या पुढ्यातील मापक वातावरणापेक्षा जास्त असलेला दाब पौंडांत दाखवीत असे. अमेरिकन मापक पाऱ्याच्या इंचांत, आणि जर्मन मापक तांत्रिक वातावरणाच्या एककात निरपेक्ष दाब दाखवीत असत. एकाच दाबाला ब्रिटिश भाषेत '+१२', अमेरिकन भाषेत सुमारे '५४' आणि जर्मन भाषेत सुमारे '१.९' अशी तीन नावे होती. ब्रिटिश नामपद्धतीत +६ वरून +१२ वर जाणे म्हणजे दुप्पट होणे असा भास होतो. वास्तविक निरपेक्ष दाब वाढतो तो सुमारे शेकडा २९ नेच. मर्लिन ३ या एंजिनाने ८७ ऑक्टेनच्या इंधनावर +६¼ पौंडांस १६,२५० फुटांवर १०३० अश्वशक्ती दिली. १९४० मध्ये १०० ऑक्टेनचे इंधन उपलब्ध झाल्यावर +१२ पौंडांस ९,००० फुटांवर १३१० अश्वशक्ती दिली. उंची निराळी असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरीही शक्ती व निरपेक्ष दाब ही दोन्ही जवळजवळ एकाच प्रमाणात, सुमारे शेकडा २७ ने, वाढलेली दिसतात. शीर्ष तेच होते, मार्ग तेच होते आणि तुटीचे प्रमाणही बहुतांशी तेच राहिले, असा याचा अर्थ होतो.

जानेवारी १९३८ मध्ये स्टॅन्ली हूकर रोल्स-रॉइसमध्ये रुजू झाले. ते गणिताचे व द्रव-वायूंच्या गतिशास्त्राचे अभ्यासक होते. एंजिन-बांधणीची परंपरागत उमेदवारी त्यांनी केलेली नव्हती. सुपरचार्जरकडे जाणाऱ्या वळणाचा व पंखाचक्राचा अभ्यास करून त्यांनी त्याची कार्यक्षमता वाढविली. मर्लिन २० व मर्लिन ४५ ही त्या सुधारणेची फळे होत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचे दुसरे कार्य अधिक महत्त्वाचे आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाबभरित एंजिनाच्या कार्यशक्तीचे एक सूत्र सिद्ध केले. सिलिंडरात शिरणाऱ्या हवेचे वजन, प्रवेशनलिकेतील निरपेक्ष दाबातून निकास-बाजूच्या दाबाचा सहावा हिस्सा वजा करून जी संख्या येते तिच्या सम प्रमाणात, आणि प्रवेशनलिकेतील निरपेक्ष तपमानाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे ते सूत्र सांगते.

सहावा हिस्सा का, हे समजण्यास कठीण नाही. मर्लिनचे संपीडन-गुणोत्तर ६ : १ होते. दट्ट्या वरच्या टोकाला पोहोचतो तेव्हा सिलिंडराच्या एकूण घनफळाचा सहावा भाग शिल्लक राहतो आणि त्यात जळलेला वायू निकास-बाजूच्या दाबाने अडकलेला असतो. नव्या हवेला तेवढी जागा मिळत नाही. या साध्या सूत्रातून शीर्षासंबंधी दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, निकासमार्ग कोंदट असेल तर तो केवळ बाहेर जाणाऱ्या वायूला अडवीत नाही. तो आत येणाऱ्या हवेचीही जागा घेतो. दुसरा असा की, प्रवेशमार्गाच्या तोंडाशी हवा किती तापलेली आहे याला तिच्या दाबाइतकेच महत्त्व आहे. १९४२ मध्ये स्पिटफायर ९ बरोबर युद्धात उतरलेल्या मर्लिन ६१ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर बसविला गेला, तेव्हा त्याच्या व शीर्षाच्या मध्ये हवा थंड करणारी योजना करावी लागली, ती या दुसऱ्या निष्कर्षाला अनुसरूनच. निकासाच्या बाजूला आखूड, मागे वळलेल्या नळ्या बसविण्यात आल्या होत्या. त्यांतून सुटणाऱ्या वायूच्या झोताने ताशी ३०० मैलांच्या वेगाला सुमारे ७० पौंडांचा पुढे ढकलणारा जोरही मिळत होता.

५

मार्ग घडविण्याच्या कलेचा इतिहास विमानांपेक्षा मोटारींशी अधिक निगडित आहे. निमुळत्या कानशीने व फिरत्या खरड-दगडाने शीर्षातील मार्ग मोठे करणे आणि आरशासारखे चकचकीत करणे हा शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्यांचा जुना उद्योग. त्याला मापनाची जोड देणाऱ्यांत हॅरी वेस्लेक यांचे नाव प्रमुख आहे. मार्गातून हवा प्रत्यक्ष वाहू देऊन, झडप थोडीथोडी उघडून, प्रत्येक स्थितीत किती हवा जाते हे मोजावयाचे आणि मगच धातू कापावयाचा, ही त्यांची पद्धत. १९३५ च्या एस.एस. जॅग्वार मोटारीचे शीर्ष त्यांनी आखले, आणि अडीच लिटरच्या त्या एंजिनाने शंभराहून अधिक अश्वशक्ती दिली. १९४८ च्या जॅग्वार एक्सके एंजिनाच्या शीर्षातही त्यांचा वाटा होता. ही एंजिने दाबभरित नव्हती; पण त्यांच्यामुळे सिद्ध झालेली पद्धत पुढे दाबभरित एंजिनांनाही लागू पडली.

या मापनांतून जे ज्ञान हाती आले त्याचे स्वरूप अनपेक्षित होते. मार्गाचा मधला सरळ भाग क्वचितच अडथळा करतो. अडथळा असतो तो झडपेच्या लगत: आसनाखालील पोकळीत, झडपेच्या दांड्याच्या मार्गदर्शक नळीभोवतीच्या उंचवट्यात, आणि मार्ग सिलिंडराकडे वळतो त्या वळणाच्या आतल्या, आखूड बाजूला. तेथे हवा पृष्ठभाग सोडून सुटते व भोवरे करते. त्या वळणाला सौम्य गोलाई देण्याने जे साधते ते सबंध मार्ग रुंद करूनही साधत नाही. उलट सरसकट रुंद केलेल्या मार्गात हवेचा वेग मंदावतो. चकाकीचा उपयोगही प्रवेशमार्गात अल्पच असतो. कार्ब्युरेटरमधून आलेले इंधन गुळगुळीत भिंतीवर थेंबाथेंबाने साचते, म्हणून तेथे किंचित खरबरीत पृष्ठभाग पसंत करतात. निकासमार्गात मात्र गुळगुळीतपणाने काजळी धरत नाही व शीर्षात मुरणारी उष्णता थोडी कमी होते.

दाबभरित एंजिनासाठी शीर्ष घडविताना हे नियम तेच राहतात, पण त्यांचा क्रम बदलतो. साध्या एंजिनात लक्ष प्रामुख्याने प्रवेशाकडे असते. निकासमार्गाचा प्रवाह प्रवेशमार्गाच्या तीन-चतुर्थांशाच्या आसपास असला तरी चालते. दाबभरणात बाहेर टाकावयाच्या वायूचे वजन वाढते, त्याला ढकलून आत घालणाऱ्या सुपरचार्जरसारखे बाहेर ओढणारे साधन नसते, आणि हूकर यांच्या सूत्राप्रमाणे मागे राहिलेला वायू पुढच्या भरणावर कर बसवितो. म्हणून निकासमार्गाला अधिक वाटा द्यावा लागतो. झडपेच्या आसनाविषयी तर हिताचाच संघर्ष उभा राहतो. आसन अरुंद कापले की प्रवाह सुधारतो. पण निकास-झडप आपली बरीचशी उष्णता आसनाला टेकलेली असतानाच सोडते, त्यामुळे अरुंद आसनाची झडप अधिक तापते आणि तापलेली झडप नॉकिंग व अकाली पेट यांचे उगमस्थान बनते. तसेच मार्गाच्या भिंतीपलीकडे शीतक द्रव असतो. प्रवाहाच्या लोभाने भिंत पातळ केली तर शीर्षाचे बळ जाते, आणि ते नेमके जेथे दाब व उष्णता सर्वाधिक तेथेच जाते.

सुपरचार्जरच्या दाबमापकाविषयीचा एक विरोधाभासही येथेच उलगडतो. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर दर फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा पुढे ढकलतो. शीर्षातील मार्ग सुधारले की त्याच फेऱ्यांना नलिकेतील दाब कमी भरतो आणि तरीही शक्ती वाढते. मापक जो दाब दाखवितो तो अंशतः सिलिंडरात न शिरलेल्या, शीर्षाच्या दाराशी तुंबलेल्या हवेचा असतो. मोठा आकडा हा नेहमीच मोठ्या शक्तीचा पुरावा नसतो.

६

सपाट शीर्षाने मर्लिनचा ज्वलनाचा प्रश्न सोडविला. सांध्याचा प्रश्न मात्र त्यातूनच उद्भवला. शीर्ष व शीतक द्रवाचे आवरण एकाच ओतकामात असल्याने सिलिंडरांच्या पोलादी नळ्या खालून घालून लांब बोल्टांनी शीर्षाच्या छताशी दाबून धरल्या जात. नळीच्या वरच्या टोकाच्या या एका सांध्याला ज्वलनाचा दाबही अडवावा लागे आणि शीतक द्रवही. भरणाचा दाब वाढत गेला तसा तो सांधा गळू लागला. यावर उपाय रोल्स-रॉइसच्या आराखडा-विभागाला माहीत होता : शीर्ष व आवरण अलग ओतावयाचे आणि वायूचा सांधा व द्रवाचा सांधा वेगळे करावयाचे. 'सी' नमुन्याच्या वेळी सुटे शीर्ष प्रत्यक्ष करूनही पाहिले होते.

उपाय माहीत असूनही तो लगेच अमलात येऊ शकला नाही. युद्ध सुरू होते. चालू उत्पादनाची यंत्रसामग्री बदलणे म्हणजे एंजिनांचा पुरवठा काही काळ घटविणे. म्हणून दोन तुकड्यांचे शीर्ष मोठ्या प्रमाणावर प्रथम वापरले गेले ते अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीच्या मर्लिनमध्ये. पॅकार्डशी करार सप्टेंबर १९४० मध्ये झाला आणि १९४१ मध्ये त्यांची एंजिने चालू लागली. तेथे यंत्रसामग्री नव्यानेच उभी करावयाची होती, त्यामुळे जुनी मोडण्याचा प्रश्न नव्हता. ब्रिटिश कारखान्यांनी त्यानंतर मर्लिन ६१ च्या मालिकेबरोबर ही रचना स्वीकारली. ज्या देशात आराखडा झाला त्याच्याआधी दुसऱ्या देशात तो मूर्त झाला, याचे कारण बुद्धीत नसून कारखान्याच्या मांडणीत होते.

या दुरुस्तीनंतर तेच २७ लिटरचे एंजिन १९४४ मध्ये उच्च दर्जाच्या इंधनावर +२५ पौंडांपर्यंतचा, म्हणजे वातावरणाच्या सुमारे पावणेतीन पट निरपेक्ष दाब सोसू लागले व दोन हजारांच्या घरात अश्वशक्ती देऊ लागले. व्यास, धाव, समांतर चार झडपा आणि सपाट छत यांत बदल झालेला नव्हता.

त्याच काळात ब्रिस्टल कंपनीत रॉय फेडन यांनी निराळा मार्ग धरला होता. सिलिंडर व दट्ट्या यांच्या मध्ये सरकणारी नळी, म्हणजे 'स्लीव्ह' झडप, वापरून त्यांनी शीर्षातील झडपाच काढून टाकल्या. रिकार्डो या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. तापलेली निकास-झडपच नसल्याने नॉकिंगचा एक उगम नाहीसा झाला आणि मार्गांना प्रशस्त जागा मिळाली. हर्क्युलिस एंजिन या पद्धतीने यशस्वी झाले. परंतु त्या नळ्या अचूक गोल घडविण्याची विद्या साध्य होण्यास वर्षे लागली. शीर्षाची अडचण नाहीशी झाली नव्हती. ती शीर्षातून कारखान्याच्या यंत्रशाळेत गेली होती.

७

युद्धोत्तर अमेरिकेतील एका उदाहरणाने या विवेचनाची मर्यादा स्पष्ट होते. क्रायस्लर कंपनीने युद्धकाळात सोळा सिलिंडरांचे एक विमान-एंजिन तयार केले होते. त्याचे ज्वलनकक्ष अर्धगोलाकार होते. ते उत्पादनात आले नाही. पुढे १९५१ मध्ये कंपनीने मोटारींसाठी अर्धगोलाकार कक्षाचे ३३१ घन इंचांचे, १८० अश्वशक्तीचे एंजिन काढले. त्यातील झडपा समोरासमोर कललेल्या असल्याने मोठ्या करता आल्या, मार्ग सरळ झाले आणि स्पार्क प्लग मध्याजवळ आला. मात्र शीर्ष जड, रुंद व महाग होते, आणि १९५८ नंतर कंपनीने त्या मालिकेचे उत्पादन थांबविले. पाव मैलाच्या सरळ शर्यतींत उतरणाऱ्या बांधणीकारांना हेच शीर्ष हवे होते. जनरल मोटर्सच्या दुहेरी धावेच्या डिझेल एंजिनांवरील ६-७१ जातीचे रूट्स ब्लोअर काढून ते या एंजिनांवर बसवीत. १९६४ मध्ये ४२६ घन इंचांचे नवे 'हेमी' एंजिन आले. अमेरिकेतील सर्वांत वेगवान सरळ शर्यतींची आजची एंजिनेही दर सिलिंडराला दोन झडपा व अर्धगोलाकार कक्ष याच परंपरेतील आहेत.

मर्लिनमध्ये कललेल्या झडपांचे शीर्ष त्याज्य ठरले आणि येथे ते शिरोधार्य ठरले, हा विरोध वरवरचा आहे. एका बाजूला शंभर तासांची चाचणी, हजारो एंजिनांचे उत्पादन आणि इंधनाच्या दर्जाची बंधने होती. दुसऱ्या बाजूला काही सेकंदांची धाव आणि प्रत्येक धावेनंतर शीर्ष उतरवून तपासण्याची मुभा. शिवाय उताराचे छत व अर्धगोल हे एक नव्हेत. अर्धगोल सममित असतो, आणि उष्णतेची वाटणी समप्रमाणात होण्यास सममिती उपकारक असते.

या सर्व घटनाक्रमातून निघणारा निष्कर्ष असा. दाबभरणामुळे सिलिंडर-शीर्षाचे महत्त्व घटत नाही, वाढते. मात्र त्याच्या तीन कामांतील अग्रक्रम बदलतो. सुपरचार्जर प्रवाहाची उणीव काही मर्यादेपर्यंत, जबर किमतीने, भरून काढतो. तो टिकाऊपणाची उणीव भरून काढीत नाही. उलट ती लवकर उघडी पाडतो. म्हणून शीर्ष निवडताना प्रथम उष्णता व सांधे, नंतर निकासमार्ग, आणि मग प्रवेशमार्ग असा विचार करणे प्राप्त होते, आणि मार्ग घडविताना धातू काढण्याआधी प्रवाह मोजणे प्राप्त होते. मर्लिनच्या घडणीत हा क्रम कोणी आधी लिहून ठेवलेला नव्हता. १७२ एंजिनांच्या अनुभवाने तो शिकविला. तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना यशस्वी आराखड्यांबरोबर अशा अल्पसंख्य, मागे सारलेल्या आराखड्यांचीही नोंद घेतली पाहिजे. मर्लिन २ ला सपाट शीर्ष का मिळाले याचे उत्तर मर्लिन १ च्या तडा गेलेल्या शीर्षांतच सापडते.